गेमचंही परीक्षण छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात पहिल्या पानावर गेमच्या व्यसनाची मोठी बातमी होती. ऑनलाइन रमीत दोन वर्षांची कमाई घालवून बसलेला तरुण, रात्री तीनपर्यंत मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळणारा नववीतला मुलगा आणि क्रिकेटवर सट्टा लावून देणारा दलाल असे तिघे त्यात होते. बातमी खोटी नव्हती. ती छापायला नको होती, असंही मला म्हणायचं नाही. पण तिघांच्याही नावापुढे एकच शब्द होता, ‘गेम’. त्या एका शब्दाने आमच्या इमारतीत काय घडलं ते आपल्या कानावर घालायचं आहे. पत्र लांबलं आहे. काटछाट करायचीच झाली तर मधलं काढा, शेवटची मागणी मात्र राहू द्या.

मी कळव्यात राहते. वय एकोणपन्नास. महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. आणि गेली बत्तीस वर्षं कॉम्प्युटर गेम खेळते. हे शेवटचं वाक्य बोलले की समोरच्याचा चेहरा बदलतो. काही जण विषय बदलतात, काही जण काळजीने विचारतात, ‘पैसे वगैरे लावता का?’ नाही. एक रुपयाही कधी लावलेला नाही. मी सध्या करते ते काम असं आहे: ठाणे ते वाशी ही ट्रान्स हार्बरची लाइन घरच्या कॉम्प्युटरवर उभी करते आहे.

ओपन रेल्स नावाचा एक ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे खरी गाडी चालवल्यासारखा गेम आहे. फुकट मिळतो, जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला आहे. मायक्रोसॉफ्टने २००१ साली ट्रेन सिम्युलेटर नावाचा गेम काढला होता. त्याच्यासाठी बनवलेले मार्ग आणि गाड्या ओपन रेल्सवर चालतात. मूळ गेममध्ये जपान, ऑस्ट्रिया, इंग्लंड, अमेरिका इथले मार्ग होते. मला माझी लाइन हवी होती. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून सुटायचं, खाडीपूल ओलांडायचा, मग दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. आम्हा कळवेकरांना नवी मुंबईत जायला आधी उलटं ठाण्याला जावं लागतं, त्यामुळे या लाइनशी माझी ओळख जरा जास्तच जवळची आहे. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं तेव्हा मला केलेलं काम उकलून ते मध्ये बसवावं लागलं. त्यात दोन महिने गेले, पण आनंदाने गेले.

डब्यातल्या बायका विचारतात, ‘रोज त्याच गाडीने जातेस, मग घरी जाऊन पुन्हा तीच गाडी कशाला?’ पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं. वीस वर्षं रोज ऐरोलीवरून जाऊनही तिथल्या फलाटाच्या छपराला खांब किती, हे मला माहीत नव्हतं. जिना कुठल्या टोकाला आहे, बाकडी भिंतीला टेकून आहेत की मधोमध, नावाची पाटी गाडीतून कुठल्या क्षणी दिसायला लागते, काहीच नाही. स्क्रीनवर मांडायला बसले तेव्हा कळलं की आपण आजवर नुसते तिथून गेलो होतो.

गेमबद्दल पहिलं शहाणं बोलणं मी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलं. ते कळवा कारशेडमध्ये फिटर होते. मी पहिला कॉम्प्युटर घेतला तो २००२ साली, बोनसमधून, आणि त्यावर हा ट्रेन सिम्युलेटर चढवला. वडील नुकतेच निवृत्त झाले होते. टोकियो-हाकोने मार्गावरची विजेची गाडी मी त्यांना दाखवली. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पाच मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, ‘ही तार मधोमध सरळ का ताणली? आठवड्यात पट्टी कापून काढेल ती.’

मला कळेना. त्यांनी फूटपट्टी आणि पेन्सिल घेतली. पट्टी म्हणजे पेंटोग्राफवरची, गाडीच्या टपावर जी तारेला घासत जाते ती. तार जर रुळांच्या बरोबर मधून सरळ गेली तर पट्टी एकाच जागी झिजत राहील आणि तिथे खाच पडेल. म्हणून ओव्हरहेड वायर नागमोडी बांधतात, सरळ मार्गावर एका खांबाला मध्यापासून २० सेंटीमीटर डावीकडे, पुढच्या खांबाला तेवढीच उजवीकडे. तार अशी इकडून तिकडे सरकत गेली की पट्टी सगळीकडून सारखी झिजते. त्यांनी फूटपट्टी आडवी धरून तिच्याखालून पेन्सिल तिरकी फिरवून दाखवली. सत्तावीस वर्षं त्यांनी झिजलेल्या पट्ट्या बदलल्या होत्या. कारशेडमधल्या कामाबद्दल ते घरी फार बोलत नसत. त्या संध्याकाळी एका गेममुळे दोन तास बोलले. जपानी गाडीच्या ब्रेकचा आवाज चांगला आहे, म्हणाले. डब्यांचे हादरे खोटे वाटतात, म्हणाले. नाटक बघून आल्यावर आपण जेवताना जसं बोलतो, तसं ते बोलत होते. वडील आता नाहीत. माझ्या लाइनवरची तार मी हाताने, खांबागणिक नागमोडी बांधते आहे. गेमला तशी तार आपोआप काढता येत नाही, म्हणून ती वेगळी बनवून लावावी लागते. खेळणाऱ्याला ती बहुधा दिसणारही नाही.

खांबांची मोजणी गाडीच्या खिडकीतून केली. प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. दोन खांबांमधलं अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर, वळणावर त्याहून कमी. नुसत्या आकड्यांवरून वळण कुठे सुरू होतं याचा अंदाज येतो. मी वही घेऊन बसायचे आणि गाडी पुढे निघून जायची, दोन आकडे लिहिते तोवर तिसरा गेलेला. आमच्या डब्यात एक काकू कोपरखैरण्यापर्यंत लसूण सोलत जातात. त्या एक दिवस म्हणाल्या, ‘तू लिही, मी वाचते.’ लसणाची पिशवी मांडीवर, नजर खिडकीबाहेर, आणि खणखणीत आवाजात आकडे. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघी सामील झाल्या. रबाळे ते घणसोलीचे सगळे खांब या तिघींनी वाचून दिलेले आहेत.

रुळांचंही असंच. गेममधले तयार रूळ १४३५ मिलीमीटरचे, जगात बहुतेक ठिकाणी असतात तसे. आपले १६७६ मिलीमीटरचे. फरक वीतभरापेक्षा थोडाच जास्त, पण आपली लोकल त्या रुळांवर उभी केली की चाकं रुळांच्या बाहेर हवेत दिसायची. तेव्हा वस्तूंचे आकार बनवायचं ब्लेंडर हे फुकटचं सॉफ्टवेअर शिकले आणि रुळांचे तुकडे नव्याने बनवले. त्यात एक पावसाळा गेला. पारसिकचा डोंगर मात्र मला आयता मिळाला. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि त्याने रडारने जमिनीची उंची मोजली. ती आकडेवारी कोणालाही मिळते. एका रात्री ती उतरवून घेतली, गेममध्ये घातली, आणि सपाट हिरव्या पाटावर हळूहळू करड्या त्रिकोणांचा एक डोंगर उभा राहिला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते तीच कड. मी उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेरच्या अंधारात तो डोंगर शोधला.

आता आमच्या इमारतीत काय घडलं त्याबद्दल.

आमच्या खालच्या मजल्यावर सातवीतला एक मुलगा राहतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीचा प्रसाद द्यायला आला, स्क्रीनवर ठाणे स्टेशन पाहिलं आणि वाटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. म्हणाला, ‘मावशी, हा दहा नंबर आहे ना?’ तेव्हापासून शनिवार-रविवार संध्याकाळी तो माझ्याकडे यायचा. आईला विचारून, गृहपाठ झाल्यावर, आठ वाजता परत. सुरुवातीला त्याला फक्त गाडी चालवायची असायची. जोरात. ऐरोलीला हमखास गाडी फलाट सोडून पुढे जायची.

बारा डब्यांची लोकल फलाटावर नेमकी उभी करणं सोपं नाही. ब्रेक लवकर लावला तर शेवटचे डबे फलाटाबाहेर राहतात, उशिरा लावला तर पुढचे बाहेर जातात. चार-पाच वेळा चुकल्यावर तो चिडला. मी त्याला शंभरपानी वही दिली आणि म्हटलं, प्रत्येक वेळी ब्रेक कुठे लावलास, वेग किती होता आणि गाडी कुठे थांबली ते लिही. बाकी मी काही सांगितलं नाही. तीन आठवडे तो लिहीत होता. ब्रेकचा दांडा प्रत्येक वेळी एकाच खाचेत ठेवायचा हे त्याचं त्यानेच ठरवलं. मग एका रविवारी वही माझ्यासमोर धरली. ४० च्या वेगाने येताना ब्रेक लावला तर गाडी थांबायला ७७ मीटर. ८० च्या वेगाने ३०९ मीटर. त्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारून लिहिलं होतं: वेग दुप्पट, अंतर चौपट.

संपादक महोदय, गतीचे नियम आपल्याकडे नववीच्या विज्ञानात येतात. हा मुलगा सातवीत. त्याला कोणी सूत्र दिलं नव्हतं. मी ते त्या दिवशीही सांगितलं नाही, फक्त विचारलं, ‘मग १६० ला किती?’ त्याने छताकडे बघितलं, ओठ हलले, आणि म्हणाला, ‘बाराशेच्या वर. बापरे. म्हणून मावशी दोन पिवळे सिग्नल असतात!’ रेल्वेत हिरव्यानंतर दोन पिवळे, मग एक पिवळा, मग लाल, असा क्रम असतो. चालकाला खूप आधीपासून सावध करायचं असतं. लोकलने जाताना तो हे सिग्नल रोज पाहत होता. ते तसे का आहेत, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

घणसोलीचा फलाट आम्ही दोघांनी मिळून करायला घेतला होता.

आपली बातमी रविवारी आली. सोमवारी संध्याकाळी त्याचे वडील वर आले. ते रिक्षा चालवतात. पायातल्या चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, ‘ताई, तुमच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पेपरात आलंय. त्याला आता गेमला पाठवणार नाही.’ मी त्यांना वही दाखवायला घेतली. त्यांनी ती हातात घेतली, दोन पानं उलटली आणि परत दिली. मला त्यांचा राग आला नाही. येण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या स्टँडवरच्या एका तरुणाने मोबाइलवरच्या सट्ट्यात स्वतःची रिक्षा घालवली, हे आख्ख्या कळव्याला माहीत आहे. तो आता दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवतो. सकाळी रांगेत नंबर लागेपर्यंत हे सगळे रिक्षावाले एक पेपर वाटून वाचतात. त्या पेपरात जे छापून येतं ते त्यांच्यासाठी खरं असतं, आणि तसंच असायला हवं. म्हणून तर मी आपल्याला लिहिते आहे.

सरकारने हा फरक केलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात तीन वेगळे प्रकार धरले आहेत. एक ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धा. दुसरा सामाजिक खेळ, म्हणजे करमणुकीचे आणि शिकवणारे. तिसरा पैशांचे खेळ, ज्यात जिंकण्याच्या आशेने पैसे लावायचे असतात. बंदी आहे ती या तिसऱ्यावर. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळून फसलेल्या माणसाला शिक्षा नाही. या बंदीच्या मी मनापासून बाजूची आहे. आमच्या कारखान्यातला एक मुलगा पगार झाल्यावर आठवडाभरात माझ्याकडे ॲडव्हान्स मागायला यायचा. त्याचे हात कसे थरथरायचे ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलेलं आहे. पण कायदा ज्यांना वेगळं ठेवतो त्यांना बातमी एकत्र का करते?

आपल्या घरांत पत्ते आहेत. तीन पत्तीच्या अड्ड्यावर धाड पडली तरी दुपारी बदाम सात खेळणाऱ्या आजीच्या हातातून कोणी पत्ते काढून घेत नाही. सावंतवाडीच्या गंजिफ्यांचं आपण कौतुक करतो, दशावताराच्या त्या १२० गोल पत्त्यांवर लेख येतात, प्रदर्शनं भरतात. मोक्षपट, म्हणजे सापशिडीचा जुना पट, तर परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला आहे. सोंगट्या, पत्ते, बुद्धिबळ यांच्यातला जुगार कुठला आणि खेळ कुठला हे मराठी माणसाला शेकडो वर्षांपासून कळतं. स्क्रीनवर आल्याबरोबर ते कळेनासं व्हायचं काही कारण नाही. कोणी तरी ते समजेल अशा मराठीत पुन्हा पुन्हा सांगायला हवं, एवढंच.

व्यसन नाही असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला आहे. पण तिथेही खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकीच्या आयुष्यापेक्षा गेमला जास्त महत्त्व येणं, नुकसान होत असूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालू राहणं, अशा खुणा सांगितल्या आहेत. आई-बापांना या खुणा माहीत झाल्या तर ते योग्य वेळी डॉक्टरकडे जातील. नुसतं विळखा विळखा म्हणून काय करणार? ते मोबाइल हिसकावून घेतात, मुलगा मित्राच्या मोबाइलवर खेळतो.

आणखी एक गोष्ट आई-बापांना कोणी सांगत नाही. गेमवर वयाचा आकडा असतो. युरोपची पेगी ही पद्धत ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे छापते. ज्या गेममध्ये गाड्या चोरायच्या आणि माणसं मारायची, त्या ग्रँड थेफ्ट ऑटो ५ वर १८ लिहिलेलं आहे, आणि आमच्या इमारतीत पाचवीतली मुलं तो खेळतात. त्यांचे पालक चांगले शिकलेले आहेत. सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर ते मुलांना नेणार नाहीत. इथे त्यांना आकड्याचा अर्थच माहीत नाही. मी दोघा-तिघांना दाखवला तेव्हा ते खरोखर हादरले. एकाने त्याच रात्री गेम काढून टाकला. हे काम माझं एकटीचं पुरणार नाही, ते पेपरने करायचं आहे.

आता माझी मागणी. आपल्या रविवारच्या पुरवणीत नाटकाचं परीक्षण असतं, सिनेमाचं असतं, पुस्तकांचं पूर्ण पान असतं. गडकरी रंगायतनला कुठलं नाटक बघायचं हे ठाण्यातली कितीतरी घरं ते वाचून ठरवतात. माझ्या घरात तीस वर्षं असंच ठरतं. त्या पुरवणीत महिन्यातून एकदा, पाव पान, एका गेमचं परीक्षण छापा. काय आहे, कोणासाठी आहे, वयाचा आकडा काय, पैसे कुठे मागतो, खेळून माणसाला काय मिळतं. मराठीत. गुन्ह्यांच्या बातम्या येतच राहतील, त्या यायलाच हव्यात. पण एखादी गोष्ट वर्षभर फक्त त्याच पानावर दिसली तर वाचणारा तिला गुन्हाच समजणार.

परीक्षण करण्यासारखं काय असतं गेममध्ये, असं आपल्या कार्यालयात कोणी विचारेल. म्हणून एक उदाहरण देते. १९९३ साली मी बारावीनंतर ठाण्यात गोखले रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला. तास संपल्यावर दहा मिनिटं सर गेम खेळू द्यायचे आणि तिथे मी प्रिन्स ऑफ पर्शिया पाहिला. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ मध्ये जवळजवळ एकट्याने बनवला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. त्यामुळे तो राजपुत्र माणसासारखा धावतो, थांबताना दोन पावलं घसरतो, कड्याला लटकला की त्याचं वजन जाणवतं. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं असतं.

खरी गोष्ट पुढे आहे. चौथ्या पातळीवर अचानक वाटेत एक आरसा येतो. पुढे जायला दुसरा मार्ग नसतो, त्यातून उडी मारावी लागते. उडी मारली की आरशाच्या दुसऱ्या बाजूने राजपुत्राची सावली बाहेर पडते आणि पळून जाते. पुढे ही सावली त्याच्या आधी येऊन औषधाची बाटली पिते, एकदा दार लावून त्याला खोल खाली पाडते. तुम्ही तिच्यावर चिडत जाता. बाराव्या पातळीवर ती तलवार घेऊन समोर उभी राहते. आपण वार करतो, आणि तिला लागलेला प्रत्येक वार आपल्यालाही लागतो. तिला मारलं की आपण मरतो. मी कितीतरी वेळा मेले. क्लासमधला प्रत्येक जण मेला. मग एक दिवस माझ्याच बॅचच्या एका मुलीने तलवार म्यान केली. तिने काही ठरवून केलं नव्हतं, घाबरून चुकीचं बटण दाबलं होतं. सावलीनेही तलवार म्यान केली. तिचा राजपुत्र पुढे चालत गेला आणि तो आणि सावली एक झाले.

आम्ही सात-आठ जण त्या मॉनिटरभोवती उभे होतो. कोणी काही बोललं नाही. सर मागून आले होते, त्यांनी दिवा बंद करायला हात वर केला होता, तो तसाच राहिला. हे मी आज बत्तीस वर्षांनी लिहिते आहे आणि मला तो ट्यूबलाइटचा आवाजसुद्धा आठवतो. एखाद्या नाटकातल्या प्रवेशाबद्दल हे लिहिलं असतं तर आपण ते छापलं असतं. गेममधला प्रसंग वेगळा एवढ्यासाठी की तलवार म्यान करायचं काम बघणाऱ्याला स्वतः करावं लागतं, नट ते त्याच्यासाठी करत नाही. यावर लिहिण्यासारखं खूप आहे आणि मराठीत लिहिणारे तयार होतील, जागा असेल तर.

आपल्या जवळचंही उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी नावाचा गेम काढला. डोंबाऱ्याच्या खेळासारखे कसरतीचे खेळ करणारी एक मुलगी पळवून नेलेल्या भावाला शोधत निघते, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. भिंतींवरची चित्रं थांबून बघत राहावीत अशी आहेत. लढाया मला काही ठिकाणी कंटाळवाण्या वाटल्या, शेवटही घाईचा वाटला. हे सगळं मला कोणाशी तरी मराठीत बोलायचं होतं. पुण्यात बनलेल्या गेमबद्दल मी सगळं इंग्रजीतच वाचलं, याचं मला वाईट वाटलं.

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. आमच्या गावाला वाचनाची सवय आहे, नवीन गोष्ट वाचून समजून घ्यायची सवय आहे. लिहिणारं कोणी मिळालं नाही तर पहिले चार-सहा महिने मी लिहीन, मानधन नको. महिन्याच्या शेवटी हिशेब बंद करायचे असतात, ते तीन दिवस सोडून कधीही मागा.

त्या मुलाची वही अजून माझ्याकडे आहे. त्याच्या वडिलांनी परत दिली ती मी कॉम्प्युटरशेजारीच ठेवली आहे. घणसोलीच्या फलाटावर छप्पर चढलं आहे, पाट्या लावायच्या राहिल्या आहेत. पाट्यांची अक्षरं तो करणार होता, म्हणून मी त्यांना हात लावलेला नाही. वही त्याची आहे, ती त्याला द्यायला मला खाली जायचं आहे. जाताना हातात आपल्या पेपरचं एक कात्रण असावं, असं वाटतं. त्याचे वडील माझं ऐकतील न ऐकतील. पेपरचं ऐकतात.

आपली,
एक वाचक,
कळवा, ठाणे